दोन खग्रास ग्रहणे

सूर्यग्रहणावर मी पूर्वी एकदा रेडिओवर बोललो आहे. त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. १९८० सालच्या फेब्रुवारीच्या १६ तारखेला आपल्याकडे खग्रास सूर्यग्रहण झाले, आणि त्यानंतर महिन्याभरात मी पंधरा मिनिटांचे एक भाषण केले. ते भाषण कोणाच्या ध्यानात राहिले असेल असे मला वाटत नव्हते. रेडिओवरचे बोलणे हवेत जाते, अशी आम्हा बोलणाऱ्यांची सोयीस्कर समजूत असते. निदान दोन माणसांच्या ते पक्के ध्यानात होते, हे मला पुढे सदतीस वर्षांनी अमेरिकेतल्या एका डोंगरावर कळले. आजचे माझे बोलणे त्या दोन माणसांसंबंधी आहे, आणि अर्थात ग्रहणासंबंधी.

आम्ही चौघे कोल्हापूरला कॉलेजात असताना एका खोलीत राहत होतो. एक पुढे डॉक्टर झाला. एक पाटबंधारे खात्यात एंजिनियर झाला. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागलो, आणि चौथा हायस्कुलात गणिताचा मास्तर झाला. या चौथ्याला आम्ही शास्त्री म्हणत असू. ते त्याचे आडनाव नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा पंचांग उघडून उद्याचा सूर्योदय ताडून पाहण्याचा त्याला नाद होता, म्हणून शास्त्री. पंचांगातल्या मुहूर्तांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता, पंचांगातल्या गणितावर मात्र जबर होता. या दोहोंतला फरक मी त्या वेळी ध्यानात घ्यायला हवा होता.

१९८० च्या ग्रहणाची वर्दी आम्हाला शास्त्रीनेच दिली, तीही दोन वर्षे आधी. शाळेतल्या नकाशावर त्याने पेन्सिलीने एक पट्टा काढला. अरबी समुद्रातून कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावर सावली चढणार, सह्याद्री ओलांडून हुबळी, रायचूर असे करीत तेलंगणातून जाऊन ओरिसाच्या किनाऱ्यावर उतरणार. कोल्हापूर त्या पट्ट्याच्या उत्तरेला राहत होते. म्हणजे आमच्या गावी खंडग्रास. सूर्याचा बहुतेक भाग झाकला जाईल आणि नखाएवढी कोर उरेल. आता कोणी म्हणेल, नखाएवढीच उरली तर काय बिघडले? पण त्या नखात सगळे बिघडते. सूर्याच्या प्रभामंडलाचा सगळा मिळून प्रकाश सूर्यबिंबाच्या प्रकाशाचा दहा लाखावा हिस्सा, म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राएवढा. बिंबाची एक रेघ जरी उघडी राहिली तरी तिच्या झगझगाटात तो लोपून जातो. म्हणून पट्ट्याच्या आत जाऊन उभे राहायचे, असा शास्त्रीचा आग्रह होता. जागाही त्यानेच ठरवली : अंकोल्याहून यल्लापूरला चढणारा अरबैल घाट. घाटातून पश्चिमेकडची दरी दिसते, तेव्हा सावली येताना दिसेल, असे त्याचे गणित.

आणि निघायच्या आठवड्यात शास्त्री म्हणाला, “मी येत नाही.”

कारण विचारले तर म्हणाला, “घरी अडचण आहे.” त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता, हे आम्हाला ठाऊक होते. गर्भवतीने ग्रहणात चिरू नये, कापू नये, शिवू नये, स्पर्शापासून मोक्षापर्यंत जागचे हलू नये, हे नियमही आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. मी दोनाला दोन जोडले आणि मनाशी हसलो.

आम्ही तिघे डॉक्टरच्या जुन्या मोटारीतून गेलो. त्या दिवशी देशभर काय प्रकार होता हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. शहरांतले रस्ते ओस पडले होते. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनवर त्या दुपारी मुद्दाम सिनेमा लावला होता. घाटातही शुकशुकाट. वळणावर दोन ट्रक उभे होते, त्यांचे ड्रायव्हर काचांना आतून चादरी लावून झोपले होते. डॉक्टरने दवाखान्यातून क्ष-किरणांच्या काळ्या फिल्मा आणल्या होत्या आणि त्यांतून आम्ही सूर्य पाहिला. हे आता कोणी करू नये. अशा फिल्मीतून डोळ्यांना न दिसणारे तापदायक किरण आत शिरतात आणि नेत्रपटल भाजते. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. आमचे निभावले, एवढेच. ग्रहणासाठी केलेले प्रमाणित चष्मे वापरावेत, नाहीतर वेल्डिंगची चौदा नंबरची काच.

साडेतीन वाजून गेले आणि पश्चिमेचे आकाश शाईसारखे झाले. वळीव चढून येतो तशी ती सावली समुद्राकडून आली, पण ढग नाही, वारा नाही, गडगडाट नाही. रानातले पक्षी एकदम गप्प झाले. सुमारे अडीच मिनिटे सूर्याच्या जागी एक काळी चकती होती आणि तिच्याभोवती डेलियाच्या फुलासारखा पांढरा प्रकाश. डॉक्टरने आपल्या दुर्बिणीतून पाहिले आणि नंतर बराच वेळ तो कोणाशी बोलला नाही. एंजिनियरने अडीचपैकी दोन मिनिटे कॅमेऱ्याशी झटापट करण्यात घालवली. त्याच्या फोटोत एक अंधूक पांढरा डाग आला. तो फोटो त्याने जन्मभर जपला आहे, आणि जो तो विचारतो की हा दिवा कोठला.

परत आलो तो मी अगदी फुगून आलो होतो. तरुण प्राध्यापक, खग्रास ग्रहण पाहून आलेला, आणि वर रेडिओचे बोलावणे! माझ्या भाषणात मी अरबैल घाटाचे वर्णन केले, आणि मग सुशिक्षितांच्या अंधश्रद्धेकडे वळलो. नाव घेतले नाही. पण गणित शिकवणारा माझा एक मित्र त्या दुपारी कौलारू घरात दारे-खिडक्या लावून बायकोशेजारी बसून राहिला, असे सांगितले. सूर्य डोक्यावर येऊन उभा राहिला तरी ज्याला दार उघडवत नाही, त्याने मुलांना भूमिती कोणत्या तोंडाने शिकवावी, असेही विचारले. वाक्य चांगले साधले होते. पुष्कळांनी मुद्दाम थांबवून अभिनंदन केले. कोल्हापूर तेव्हा लहान होते, मित्र कोण हे कळायला कोणाला नावाची गरज नव्हती. शास्त्रीच्या वर्गातल्या पोरांनी म्हणे फळ्यावर बंद दाराचे चित्र काढले.

शास्त्री मला काही बोलला नाही. फक्त येणे-जाणे विरळ झाले. एप्रिलात त्याला मुलगी झाली, बारशाला मी गेलो, पेढा खाल्ला आणि परत आलो. पुढे दिवाळीचे पत्र, लग्नकार्यात भेट, एवढेच. डॉक्टर एकदा मला म्हणाला, “तू बरं केलं नाहीस.” मी म्हणालो, “मी खोटं काय बोललो?” त्यावर तो म्हणाला, “ते मला ठाऊक नाही.” काही तरी त्याला ठाऊक होते, असे आता वाटते. डॉक्टर मंडळींना रोग्यांची गुपिते सांभाळावी लागतात.

मध्ये २००९ चे ग्रहण येऊन गेले, २२ जुलैचे. एंजिनियर आणि मी इंदूरच्या बाजूला गेलो. भर पावसाळा, सकाळची वेळ. ढगांमागे काळोख झाला आणि ढगांमागेच उजाडले. छत्री धरून ग्रहण पाहिल्याचे समाधान घेऊन परतलो. २०१२ साली डॉक्टर गेला. त्याच्या मुलाने ती दुर्बीण माझ्याकडे आणून दिली.

२०१७ च्या उन्हाळ्यात मला परदेशातून फोन आला. “काका, मी बोलतेय.” शास्त्रीची मुलगी. ती अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला नोकरी करते. “२१ ऑगस्टला इकडे खग्रास आहे. आई-बाबा येताहेत. बाबा म्हणाले, तुम्हा दोघांना विचार.” मी दोनदा विचारले की हे बाबाच म्हणाले ना. ती हसून म्हणाली, “बाबांनी नकाशासुद्धा काढलाय.”

त्या ग्रहणाचा पट्टा ऑरेगनपासून साउथ कॅरोलायनापर्यंत, अमेरिकेच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत गेला. असा योग त्या देशात १९१८ नंतर प्रथमच आला होता, त्यामुळे सारा देश मोटारी घेऊन रस्त्यावर उतरला होता. सॉल्ट लेक सिटीहून उत्तरेला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, आयडाहो आणि वायोमिंग या राज्यांच्या सरहद्दीवर टेटन नावाची पर्वताची रांग आहे. तिच्या पश्चिम पायथ्याला ड्रिग्ज नावाचे गाव. आम्ही रविवारीच तेथे पोचलो. शेतकऱ्यांनी आपली कुरणे तंबूंसाठी भाड्याने दिली होती. त्या भागात बटाट्याचे पीक मोठे. एंजिनियरने रात्री तंबूत पडल्या पडल्या तेथल्या कालव्यांची पाहणी सुरू केली, ती मुलीने थांबवली.

पहाटे कडाक्याची थंडी होती. उजाडल्यावर मोटार घाटरस्त्याने वर घेतली आणि सुमारे सात हजार फुटांवर एका उतारावर सतरंज्या पसरल्या. मागे पूर्वेला टेटनची शिखरे. त्यांतले सर्वांत उंच १३,७७५ फुटांचे. त्यांची धार इतकी तीक्ष्ण, की आपल्या सह्याद्रीची सपाट माथ्याची पठारे पाहिलेल्या डोळ्यांना ते पर्वत नुकतेच फोडून ठेवल्यासारखे वाटतात. पुढे पश्चिमेला पंधरा-वीस किलोमीटर रुंदीची दरी, तिच्यात शेतांचे हिरवे-पिवळे चौकोन, आणि पलीकडे बिग होल नावाची बुटकी डोंगरओळ. सावली त्या ओळीवरून येणार होती. म्हणजे पुन्हा शास्त्रीची तीच युक्ती, अरबैलचीच.

शास्त्रीने पंचांग बरोबर आणले होते. श्रावण अमावास्या, सोमवार. इकडे महाराष्ट्रात पोळा होऊन बैल गोठ्यात गेले असतील, तो म्हणाला, आणि आपण पाहू तेव्हा तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतील. सूर्य मघा नक्षत्रात होता. “पंचांगात मघा लिहिलेलं आपण वाचतो,” शास्त्री म्हणाला, “पण सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र कोणाला दिसतं? आज दिसेल. मघाचा मुख्य तारा सूर्याच्या डाव्या अंगाला, अगदी जवळ.” पंचांगातले अक्षर आकाशात वाचायला तो पंचाहत्तरीकडे झुकलेल्या वयात अर्धी पृथ्वी ओलांडून आला होता.

सव्वादहाला स्पर्श झाला. चष्मे लावून पाहिले तर बिंबाच्या वरच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच. आता खग्रास व्हायला सव्वा तास होता. ग्रहणाचा हा भाग खरे म्हणजे कंटाळवाणा. वर्णने लिहिणारे तो गाळतात. लोक खातात, गप्पा मारतात, अधूनमधून चष्मा लावून वर पाहतात. वहिनींनी पिशवीतून काकड्या काढल्या, सुरी काढली, मांडीवर ताटली घेतली आणि काकडी चोचवायला सुरुवात केली. खमंग काकडीचा बेत होता. दाण्याचे कूट कोल्हापूरहून आले होते.

मी पाहतच राहिलो. त्यांच्या ते लक्षात आले.

“काय भावजी, ग्रहणात चिरतेय म्हणून बघताय?”

मी काही तरी पुटपुटलो. मुलगी शेजारच्या झाडाखाली उभी होती. अ‍ॅस्पेन म्हणून तेथे एक झाड होते, पिंपळासारखी त्याची पाने सारखी हलत असतात. ती एकदम ओरडली, “आई, हे बघ!” झाडाखालच्या जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. पानांमधल्या फटींतून आलेला प्रत्येक कवडसा सूर्याच्या कोरीच्या आकाराचा झाला होता, आणि वारा आला की सगळ्या कोरी थरथरत होत्या.

वहिनींनी सुरी ठेवली, उठल्या, झाडाखाली जाऊन खाली पाहिले आणि म्हणाल्या, “अश्शाच. फक्त तेव्हा एकच होती.”

मला कळेना. मी विचारले, “कधी?”

“तुम्ही घाटात गेला होता तेव्हा.”

आणि मग त्यांनी सांगितले, काकडी चोचवता चोचवता, जणू शेजारणीला एखादी पाककृती सांगावी तसे. आधीची दोन मुले पोटातच गेली होती. एक पाचव्यात, एक सातव्यात. हे घराबाहेर कोणाला सांगितलेले नव्हते, फक्त डॉक्टरला ठाऊक होते. सासूबाई ग्रहणाच्या नावाने कापत होत्या, आणि वहिनी स्वतःही भ्यालेल्या होत्या. शास्त्रीने दोघींनाही उपदेश केला नाही. दारे-खिडक्या त्यानेच लावल्या. कोयंडे घातले, फटीत फडकी कोंबली. खोलीत मिट्ट काळोख झाला. फक्त पश्चिमेकडच्या पाखीतल्या एका कौलाला बारीकसे भोक होते, ते तसेच राहू दिले. सासूबाई म्हणाल्या, त्यात चिंधी घाल. हा म्हणाला, राहू दे, तेवढा देवाचा उजेड.

“त्यातून समोरच्या भिंतीवर एक कवडसा पडला होता,” वहिनी म्हणाल्या, “रुपयाएवढा गोल. मला म्हणाले, याच्याकडे बघत बस. याच्याकडे बघितलं तर डोळ्याला काही होत नाही आणि पोटालाही काही होत नाही. मग तो खाली-खाली झिजायला लागला. हे हातात घड्याळ घेऊन सांगत होते : आता स्पर्श झाला, आता निम्मं झालं, आता सगळ्यांत बारीक होईल, घाबरू नको, आता फिरेल. आणि जे सांगतील ते भिंतीवर होत होतं. अगदी बारीक कोर झाली आणि थांबली. मग जाडी व्हायला लागली. हे म्हणाले, सुटलं. आणि तेवढ्यात बाहेर गल्लीत ‘दे दान, सुटे गिराण’ सुरू झालं. माझा हात त्यांच्या हातात होता, तो तेव्हा सुटला.”

श्रोतेहो, मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आहे. अंधारी खोली आणि एका बाजूला बारीक छिद्र, म्हणजे सुईछिद्राचा कॅमेरा, हा आम्ही शाळेतच खोक्याचा करून दाखवतो. भोकातून पडणारा उजेड भोकाच्या आकाराचा नसतो, सूर्याच्या आकाराचा असतो, आणि उलटा असतो. सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे, म्हणून भोकापासून भिंत जितकी लांब, त्याच्या १०८ व्या हिश्श्याएवढा कवडसा रुंद. दहा-बारा फुटांवर बरोबर रुपयाएवढा. त्या दुपारी आम्ही घाटात फिल्मांतून डोळे जाळून घेण्याच्या खटपटीत होतो, आणि कोल्हापुरात दार लावून बसलेला माणूस आपल्या बायकोला शास्त्रशुद्ध रीतीने ग्रहण दाखवत होता. अख्खी खोलीच त्याने कॅमेरा केली होती. आणि मी त्याला भूमिती कोणत्या तोंडाने शिकवतोस म्हणून जगाला विचारले होते.

“तुमचं भाषण आम्ही ऐकलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “त्याच खोलीत. मी म्हटलं, तुम्ही त्यांना सांगा तरी. हे म्हणाले, सांगायचं म्हणजे आधीच्या दोघांचं सांगावं लागेल.”

शास्त्री थोडा लांब, चष्मा लावून आकाशाकडे तोंड करून बसला होता. त्याने ऐकले की नाही कोण जाणे. मी उठून त्याच्याकडे जाणार, इतक्यात एंजिनियर ओरडला, “उजेड बघा!”

उजेड बदलला होता. तो मंद होतो एवढेच नव्हे. संध्याकाळचा उजेड मंद होताना तांबूस होतो आणि सावल्या लांबतात. येथे सूर्य तसाच वर, सावल्या आखूड, आणि कडा ब्लेडने कापल्यासारख्या. स्वतःच्या सावलीत डोक्याचे केस मोजावेत इतक्या. रंग धातूसारखा करडा. अंगावर गारवा आला. मुलीने शाली काढून सर्वांच्या खांद्यांवर टाकल्या.

मग पलीकडची बिग होलची ओळ मावळली. दुसरा शब्द मला सुचत नाही. डोंगर होते आणि ते विझले. सावलीचा वेग तेथे ताशी सुमारे ३,००० किलोमीटर होता, पण समोर एवढी मोठी दरी पसरलेली असल्यामुळे ती येताना दिसली. शेतांचा एक चौकोन, मग दुसरा, मग रस्त्यावरच्या मोटारींची रांग. वीस-पंचवीस सेकंदांत तिने दरी ओलांडली. मी मागे वळून पाहिले, टेटनची शिखरे अजून उजळलेली होती. पुन्हा पुढे वळलो तेव्हा आपल्यावर येऊन गेली होती.

सूर्याच्या शेवटच्या ठिणगीने अंगठीतल्या हिऱ्यासारखी चमक दिली आणि ती गेली. “संमीलन,” शास्त्री म्हणाला. पंचांगातला शब्द. मी म्हणालो, “चष्मा काढ, आता काढायचा.” खग्रास असते तेवढाच वेळ उघड्या डोळ्यांनी पाहायचे असते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. पण त्याचे हात वर जाईनात. वहिनींनी त्याच्या नाकावरून चष्मा काढून घेतला.

अरबैलला पाहिले होते ते फूल येथे नव्हते. प्रभामंडल दोन्ही अंगांना लांबले होते, पंख पसरल्यासारखे. एंजिनियर नंतर माझ्याशी भांडला की अरबैललाही असेच होते. तसे नव्हते. सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते. १९८० साली ते भरात होते, तेव्हा प्रभामंडलाचे किरण सगळीकडून फुटतात. २०१७ ला चक्र ओहोटीला लागले होते, तेव्हा ते विषुववृत्ताच्या बाजूंना लांबते. ज्याने दोन मिनिटे कॅमेऱ्यात घातली त्याच्या स्मरणावर विसंबण्याचे मला कारण नव्हते. पण या वेळी त्याने कॅमेरा आणला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

क्षितिजावर चारी बाजूंना संध्याकाळ झाली होती. उजवीकडे वर शुक्र. चकतीच्या कडेला गुलाबी ठिपके, सूर्याच्या ज्वाळांचे. मी डॉक्टरची दुर्बीण शास्त्रीच्या हातात दिली. त्याने पाहिले. बराच वेळ पाहिले. सव्वादोन मिनिटांतला बराच वेळ म्हणजे किती? पण मला तो बराच वाटला. “आहे,” तो म्हणाला. “मघा आहे.” मग दुर्बीण वहिनींना दिली. मला दुर्बिणीतून पाहायला मिळाले नाही, आणि मी ती मागितलीही नाही.

पश्चिमेच्या डोंगरांवर उजेड परत आला, मग दरीत, मग आमच्यावर. खालच्या कुरणांतून हजारो माणसांचा आरडाओरडा वर आला. वहिनींची काकडी तशीच राहिली होती. त्यांनी तिला मीठ लावले.

खाणे झाल्यावर मी शास्त्रीजवळ जाऊन बसलो आणि भाषणाचा विषय काढला. काय बोललो ते आता नीट आठवत नाही, सत्तरीनंतर क्षमा मागण्याची सवय राहिलेली नसते. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “भाषण चांगलं होतं रे. एक चूक होती. तू म्हणालास, सूर्य डोक्यावर आला होता. दुपारचे साडेतीन वाजलेले. डोक्यावर असता तर कवडसा जमिनीवर पडला असता, भिंतीवर कसा पडेल?”

खाली उतरायला आम्हाला सात तास लागले, मोटारींची रांग हलतच नव्हती. त्या रांगेत बसून शास्त्रीने पुढचा हिशेब सांगितला. भारतातून दिसणारे पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ चे, लडाखच्या बाजूला, पुन्हा डोंगरातच. त्या वेळी आम्ही नव्वदीच्या आसपास असू. एंजिनियरने तेथपर्यंत रस्ता कसा आहे म्हणून विचारले.

त्या चुकीची दुरुस्ती जेथे चूक केली तेथूनच व्हावी, अशी माझी इच्छा होती आणि ती आज पुरी होत आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य डोक्यावर नव्हता. तो पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे चाळीस अंशांवर होता.